दाढीआधीचं तेल: दोन बाटल्या फुकट घालवून जमलेलं मिश्रण

दाढी केली की गळ्यावर लाल पुरळ हमखास. ब्लेड बदललं, फोम बदलला, फरक शून्य. मग घरीच तेल करायचं ठरवलं.

पहिल्या खेपेला एरंडेल आणि बदामतेल निम्मंनिम्म घेतलं. एरंडेल घट्ट आणि बुळबुळीत, म्हणजे जितकं जास्त तितकं बरं, हा माझा हिशोब. झालं उलटंच. दोन ओढींतच रेझरच्या पात्यांमधल्या फटीत केसांचा आणि तेलाचा चिकट लगदा बसला. नळाखाली धरला तरी हलेना. दुसऱ्यांदा बदामाऐवजी खोबरेल घातलं. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, हे थंडीतल्या सकाळी बाटली उलटी धरून आपटताना आठवलं.

आता गडद काचेच्या बाटलीत ४० मिली बदामतेल, १० मिली एरंडेल. बस्स. पेपरमिंटचा अर्क एकदा घातला होता, डोळ्यांतून पाणी आलं. सुगंधाची हौस तिथेच फिटली. (बदामाची अ‍ॅलर्जी असेल तर द्राक्षबियांचं तेल घ्या. कुठलंही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा.)

चेहरा कोमट पाण्याने धुवायचा, ओलसर असतानाच तीन-चार थेंब चोळायचे, मिनिटभर थांबून वरून फोम. रेझर मात्र दर दोन ओढींनंतर गरम पाण्यात बुचकळतो. पुरळ तिसऱ्या आठवड्यात बसलं. हनुवटीखालचा एक हट्टी कोपरा अजून कधीमधी चुरचुरतो.