गिलावा चढण्याआधी वायरिंग बघून घ्या

नवीन वीजजोडणीच्या अर्जाला परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तेव्हा त्याला काम संपल्यावर नको, पाइप टाकतानाच बोलवा.

भिंतीत झिरी मारून नुसती वायर गिलाव्यात गाडू देऊ नका. आयएसआय मार्कचा पीव्हीसी पाइपच हवा, आणि वायर नंतर ओढून बदलता आली पाहिजे. आमच्याकडे एका वळणात वायर अडकली, तर कारागिराने पाइपातच जोड मारून टेप गुंडाळली. तो जोड मी उपटायला लावला. जोड फक्त जंक्शन बॉक्समध्ये, जिथे झाकण उघडून दिसेल. जुन्या घरात भिंत फोडायची नसेल तर केसिंग-कॅपिंग पट्टी (भिंतीवरून वायर नेणारी झाकणाची प्लास्टिक पट्टी) चालते. दिसायला साधी, पण दुरुस्तीला सोपी.

दिव्यांना १.५ चौ.मिमी वायर, गिझर-एसीला ४ चौ.मिमी आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच). हिरवी वायर फक्त अर्थिंगला. रीळ संपलं म्हणून ती फेजला (वीज आणणाऱ्या वायरीला) वापरणारे महाभाग आहेत! स्विच नेहमी फेजवर, न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) नाही. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे पडद्यासाठी ड्रिल मारताना तेच कामी येतात.