मिशनवर जाताय? धडे पाठ करायच्या आधी स्वतःचे प्रश्न लिहून काढा

आपल्या चर्चचा (द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, लोक मॉर्मन म्हणतात ते) मिशन कॉल, म्हणजे धर्मप्रचाराला जायचं बोलावणं, आला की सगळ्यांचं लक्ष पहिलं सूटकेसकडे जातं, पांढरे शर्ट किती घ्यायचे, बूट कुठले, तिकडे थंडी कशी असते वगैरे. ते सगळं होतं हो, बुटाचे तळ झिजले की दुसरे घेता येतात. पण आपण तिथे रोज स्वतः काय शिकणार आणि काहीच शिकत नसू तर समोरच्याला देणार काय, हे कोणी विचारत नाही. मुलांचं मिशन 24 महिन्यांचं, मुलींचं 18 महिन्यांचं, आणि मी पाहिलंय की बरेच जण पहिल्या तीनेक महिन्यांतच रिकामे होतात, म्हणजे घरून आणलेली साक्ष (आपला विश्वास का आहे ते) सांगून सांगून गुळगुळीत झालेली असते आणि नवीन काही आत आलेलं नसतं. माझंही तसंच झालं होतं. त्यातून बाहेर पडताना जे कामी आलं तेवढंच इथे लिहितोय.

आधी सकाळचा अभ्यास, कारण सगळं तिथेच अडतं. साडेसहाला उठायचं, थोडा व्यायाम, नाश्ता, आठला स्वतःचा अभ्यास आणि मग कंपॅनियनबरोबर, म्हणजे जोडीच्या मिशनरीबरोबर, हे जुनं वेळापत्रक. 2017 पासून त्यात जागेप्रमाणे थोडी ढिलाई आलीये पण अभ्यासाचा तास कुठे गेलेला नाही. आता या तासात बहुतेक जण काय करतात, तर पानं मोजतात. मीही मोजायचो. दोन महिन्यांत बुक ऑफ मॉर्मन हा आपला धर्मग्रंथ संपवायचं ठरवलं, संपवलंही, आणि संपल्यावर कोणी विचारलं असतं की काल काय वाचलंस तर सांगता आलं नसतं.

त्यापेक्षा एक साधी वही घ्या आणि पहिल्या पानावर तुमचा खरा प्रश्न लिहा. ट्रेनरला, म्हणजे नव्याला शिकवणाऱ्या जुन्या मिशनरीला, दाखवायला चांगला दिसेल असा नाही, झोपताना डोक्यात येतो तो. माझा होता, की माझ्या प्रार्थनेला कधी उत्तर मिळालंय का, की घरचे म्हणायचे म्हणून मीही म्हणतोय मिळालं. हे लिहायला हात कापत होता खरं सांगतो, कारण छातीवर नावाचा काळा बिल्ला लावून फिरणाऱ्या एल्डरला (मिशनवरच्या मुलांना असंच म्हणतात) हा प्रश्न पडूच नये असं मला वाटायचं. पण तो लिहिल्यावर वाचण्यात जीव आला. डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स या आपल्या दुसऱ्या धर्मग्रंथाचा 8 वा आणि 9 वा विभाग मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. 1829 च्या एप्रिलमधली गोष्ट आहे, चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ बुक ऑफ मॉर्मनचं भाषांतर सांगायचा आणि ऑलिव्हर काउडरी लेखनिक म्हणून बसायचा, त्याला स्वतः भाषांतर करून बघायचं होतं आणि ते जमलं नाही, तेव्हा त्याला सांगितलं गेलं की तू नुसतं मागितलंस, आधी स्वतः विचार करायला हवा होतास. आणि त्याच्या आधीच्या विभागात आहे की उत्तर मनात आणि हृदयात दोन्हीकडे येतं. मला आयुष्यभर वाटत होतं की उत्तर म्हणजे अंगावर काटा. मनात येणारा साधा स्पष्ट विचारही उत्तर असू शकतो हे मी शंभरदा ऐकलं असेल, पण माझा प्रश्न नव्हता तेव्हा ते कानावरून गेलं होतं.

मग त्याच आठवड्यात एक बाई म्हणाल्या, तुम्ही सांगितलं तशी प्रार्थना केली, काही झालं नाही. आधीचा मी असतो तर लगेच म्हणालो असतो परत करा, मनापासून करा, म्हणजे जणू त्यांनी खोटी केली होती. या वेळी विचारलं, नक्की काय मागितलंत, आणि वाचताना कसं वाटत होतं. त्या म्हणाल्या वाचताना बरं वाटत होतं, डोकं शांत होतं, पण त्याला मी उत्तर समजले नाही. पुढचा अर्धा तास आम्ही फक्त यावरच बोललो. तो धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता, सकाळच्या वहीत होता.

दुसरी सवय, अभ्यासाच्या पानावर वरती ज्याला आज भेटणार त्याचं नाव लिहा. ‘आज पहिला धडा’ असं नाही, नाव. प्रीच माय गॉस्पेल हे आपलं मिशनरींचं मुख्य पुस्तक 2004 साली आलं आणि 2023 ला त्याची दुसरी आवृत्ती आली. त्याच्या आधीच्या मिशनरींना सहा ठरलेल्या चर्चा पाठ करून जावं लागायचं. आता चार धडे आहेत, पुनःस्थापना, तारणाची योजना, येशू ख्रिस्ताची सुवार्ता आणि आयुष्यभर शिष्य कसं राहायचं, आणि क्रम माणूस बघून बदलायची मुभा आहे. तरी गंमत बघा, मुभा मिळूनही आपण पाठच करतो, कारण पाठ केलेलं सोपं असतं, त्यात समोरच्याकडे बघावं लागत नाही. ज्याची आई मागच्या महिन्यात गेली त्याच्यासमोर 1820 मधलं जोसेफ स्मिथचं पहिलं दर्शन अर्धा तास सांगत बसलेले मिशनरी मी पाहिलेत, त्यात एकदा मी स्वतः होतो. त्या माणसाला त्या दिवशी मृत्यूनंतर काय हे ऐकायचं होतं. त्याने आम्हाला पाणी दिलं, ऐकून घेतलं, आणि परत कधी फोन उचलला नाही.

प्रत्यक्ष शिकवताना काय करायचं, तर आधी गप्प बसायला शिका. प्रश्न विचारला की समोरच्याला विचार करायला वेळ लागतो आणि आपल्याला ती शांतता सहन होत नाही, चार सेकंदात आपणच उत्तर देऊन मोकळे. कंपॅनियनशी ठरवून ठेवा की प्रश्न विचारल्यावर दोघांपैकी कोणीही मध्ये पडायचं नाही, मनात दहापर्यंत मोजा हवं तर. आणि प्रश्न हो-नाहीचा नको. ‘देवावर विश्वास आहे का’ यापेक्षा ‘तुम्ही देवाशी बोलता तेव्हा कसं बोलता’ असं विचारलं की माणूस खुलतो.

बुक ऑफ मॉर्मनमधल्या अल्माच्या पुस्तकातला मिशनरी अम्मोन आठवा. लमोनी राजाकडे गेला तेव्हा प्रवचन नाही दिलं, म्हणाला मी तुमचा चाकर होईन, आणि कळप सांभाळायला गेला, तीन दिवस. पुढे 18 व्या अध्यायात राजा ऐकायला बसतो तेव्हा अम्मोन विचारतो देव आहे असं मानता का, राजा म्हणतो याचा अर्थ मला कळत नाही. इथे आपल्यातला एखादा देवाची व्याख्या सांगायला लागला असता. अम्मोनने विचारलं, महान आत्मा आहे असं मानता का, राजा हो म्हणाला, मग म्हणाला तोच देव. म्हणजे राजाचा शब्द उचलला आणि तिथून पुढे गेला. शिकवण्याबद्दल मला सगळ्यात जास्त या चार-पाच ओळींनी शिकवलं.

आणि आपले चर्चमधले शब्द, वॉर्ड, स्टेक, प्रीस्टहूड, सीलिंग, एंडाउमेंट, हे बाहेरच्या माणसाला काही म्हणजे काही कळत नाहीत, तो मान हलवतो फक्त. एका बैठकीत एकच मुद्दा, अर्धा तास पुष्कळ झाला, आणि शेवटी ‘कळलं का’ विचारू नका कारण सगळे हो म्हणतात, ‘घरी कोणी विचारलं ते दोघं काय सांगून गेले तर काय सांगाल’ असं विचारा. जे उत्तर येईल तेवढंच तुम्ही शिकवलंत, बाकीचं हवेत.

बुक ऑफ मॉर्मनमधल्या मोरोनीच्या 10 व्या अध्यायातलं वचन आपण सगळ्यांना देतो, वाचा आणि देवाला विचारा हे खरं आहे का. पण आपण चौथ्या ओवीवर उडी मारतो. तिसरी ओवी म्हणते की आधी वाचा, आणि आदामापासून आजवर देव माणसांशी किती दयेने वागला ते आठवा, मनात घोळवा. हा भाग सोडला की प्रार्थना नुसती परीक्षेसारखी होते. मी नंतर नंतर लोकांना म्हणायला लागलो की विचारायच्या आधी तुमच्या आयुष्यात देव कुठे दयेने वागला असं वाटतं ते दोन प्रसंग आठवून बघा, आणि मगच गुडघे टेका. स्वतःही तसंच करायला लागलो, फरक पडतो.

काही करायला सांगाल तर नेमकं सांगा. ‘वाचा हं’ म्हटलं की कोणी वाचत नाही, ‘3 नेफीचा 11 वा अध्याय वाचा, त्यात पुनरुत्थित ख्रिस्त लोकांना भेटतो, बुधवारी संध्याकाळी फोन करून विचारतो कसा वाटला’ असं म्हटलं की निदान पुस्तक उघडलं जातं. आणि बुधवारी फोन करा! न करणारे निम्मे असतात.

चहा, कॉफी, दारू, तंबाखू सोडायचं म्हणजे 1833 चा वर्ड ऑफ विज्डम हा आरोग्याचा नियम शिकवायची वेळ येते तेव्हा आपल्याला ते फार सोपं वाटतं कारण आपण लहानपणापासून घेतलेलंच नसतं. तीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्याला ‘सोडा, आशीर्वाद मिळेल’ म्हणून उठून येऊ नका. त्याच्याबरोबर तारीख ठरवा, पहिले काही दिवस रोज फोन करा, त्याच्यासाठी त्याला सांगून उपास करा. घसरला तर चेहरा पाडू नका, तो आधीच स्वतःवर चिडलेला असतो. नाही म्हणाला तर नाही, आग्रह करकरून घेतलेला होकार दोन रविवार टिकतो. लहान मुलांना आईवडिलांच्या परवानगीशिवाय शिकवायचं नाही हे तर नियमातच आहे. आणि बाप्तिस्म्याचे आकडे मोजणारा कोणी भेटला तर त्याचं ऐकून घ्या आणि आपलं काम करा.

कंपॅनियनबद्दल थोडक्यात. दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं असतं, आणि ट्रान्सफर, म्हणजे जागा किंवा जोडी बदलणं, साधारण सहा आठवड्यांनी येतो, त्यामुळे माणूस आवडला नाही तर लोक दिवस मोजतात. मी आणि माझा एक कंपॅनियन भांडी घासण्यावरून तीन दिवस बोलत नव्हतो, फक्त धड्यात बोलायचो, ते पण गोडगोड. चौथ्या दिवशी ज्यांच्याकडे गेलो त्या आजोबांनी सरळ विचारलं, तुमचं दोघांचं काही बिनसलंय का. प्रेमावर धडा द्यायला गेलो होतो आम्ही. परत येताना रस्त्यातच माफी मागितली, मीच आधी, कारण भांडी खरंच माझीच होती. आठवड्याला एकदा एकमेकांसमोर बसून काय खटकलं आणि काय आवडलं ते बोलायची पद्धत आहे, ती उरकू नका. सकाळी मोठ्याने प्रार्थना करताना त्याचं नाव घ्या, त्याला ऐकू जाईल असं. कानावर नाव पडलं की भांडण फार चालत नाही.

आता कोरडे दिवस. ते येणारच. दारं बंद, ठरलेली भेट रद्द, पाऊस. जोसेफ स्मिथचा धाकटा भाऊ सॅम्युअल 1830 मध्ये बुक ऑफ मॉर्मन घेऊन गावोगाव फिरला, फार कोणी घेतलं नाही. त्याने दिलेली एक प्रत फिनियस यंगकडे गेली आणि त्या घरात पुस्तक फिरत राहिलं, त्याचा भाऊ ब्रिगम यंग, जो पुढे चर्चचा प्रमुख झाला, याने बाप्तिस्मा घेतला तो 1832 मध्ये. सॅम्युअलला तेव्हा हे कुठे माहीत होतं. ही गोष्ट सगळे मिशनरी ऐकतात, पण एक सांगतो, तुमच्या प्रत्येक प्रतीतून ब्रिगम यंग निघणार नाही, आणि त्यासाठी ती द्यायचीही नाही.

कोरडेपणा आणि खरोखरचं आजारपण यात फरक करा मात्र. आठवडाभर उदास वाटणं वेगळं, आणि झोप नाही, जेवण नाही, जगणं नको वाटतंय हे वेगळं. दुसरं असेल तर जास्त प्रार्थना हा उपाय नाही, त्याच दिवशी मिशन प्रेसिडेंटना (तुमच्या मिशनचे प्रमुख) किंवा त्यांच्या पत्नीला सांगा, डॉक्टरकडे जा. लवकर घरी आलेले मिशनरी माझ्या ओळखीत आहेत, देवाने त्यांना टाकलं नाहीये. घरच्यांशीही खरं बोला, 2019 पासून दर आठवड्याला पी-डेला, म्हणजे कपडे धुवायच्या-सामान आणायच्या मोकळ्या दिवशी, फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो, आधी वर्षातून दोनदा असायचा, तर त्या कॉलवर सगळं मस्त चाललंय असा देखावा करू नका.

रात्री झोपायच्या आधी वहीत तीन ओळी. आज देव कुठे दिसला, आज कुणाचं नीट ऐकलं नाही, उद्याचा प्रश्न काय. तिसरी ओळ महत्त्वाची कारण सकाळी वही उघडली की अभ्यास तिथूनच सुरू होतो, काय वाचू काय वाचू करत पंधरा मिनिटं जात नाहीत. दुसरी ओळ मला सगळ्यात जास्त टोचायची, आणि दोन वर्षांत सगळ्यात जास्त भरली तीच.

आणि हे सगळं फक्त स्वतःच्या वहीत ठेवू नका, फोनमधल्या एरिया बुकमध्ये, म्हणजे त्या भागात भेटलेल्या लोकांच्या नोंदींमध्ये, पण नीट लिहा. तुमची बदली होणार, तुमच्या जागी दुसरे दोघं येणार, त्यांना समोरच्याबद्दल तुम्ही लिहिलंय तेवढंच कळणार. मी एका नवीन जागी गेलो तेव्हा एका माणसाच्या नावापुढे इतकंच होतं, ‘पहिला धडा झाला, चांगला माणूस’. आम्ही त्याला पहिल्यापासून सगळं परत सांगितलं, त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, मागच्या दोघांना मी एक प्रश्न विचारला होता, ते उत्तर शोधून आणतो म्हणाले होते, तुम्ही आणलंत का?