जुनी लोककला जमवताना या चुका टाळा

नवा संग्राहक उत्साहानं वस्तू दाखवतो आणि लगेच सांगतो, "फार कळकट होती, घासून लख्ख केली." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. साबण, ब्रश आणि पितळेच्या पॉलिशनं जुन्या वस्तूंची जेवढी वाट लागलेली मी पाहिली आहे, तेवढी वाळवीनंही लावलेली पाहिलेली नाही.

माझ्या एका परिचितांनी मेक्सिकोतलं पत्र्यावरचं नवसाचं चित्र घेतलं होतं. एकोणिसाव्या शतकात तिथे पत्रा स्वस्त झाला आणि नवस फेडताना अशी छोटी तैलचित्रं चर्चमध्ये लावायची चाल पसरली. वर संत, मध्ये घोड्यावरून पडलेला माणूस किंवा तापानं फणफणलेलं मूल, आणि तळाशी हातानं लिहिलेला मजकूर: संकट कोणावर आलं, कुठे, कोणत्या साली. या गृहस्थांनी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेतला. पत्र्याला रंगाखालून गंज चढतो, त्यामुळे रंग आधीच सुटू लागलेला असतो. तळाच्या ओळी पापुद्र्यासारख्या निघाल्या आणि मोरीत वाहून गेल्या. माणूस, गाव, साल, सगळं गेलं. ते मला मात्र उरलेले रंग किती उजळले ते कौतुकानं दाखवत होते. त्या चित्रात कोणाचं आजारपण रंगवलंय हे आता कोणालाही, कधीही कळणार नाही.

मी रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश वापरते, आणि तोही आधी भिंगातून रंग पाहून. रंग सुटत असेल तर ब्रशही नाही. वस्तू सरळ जतनतज्ज्ञाकडे जाते. बिदरीच्या भांड्याला धातूचं पॉलिश लावलंत तर बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं आणलेला काळा रंगच उतरेल, आणि चांदीची नक्षी उठून दिसते ती त्या काळ्यामुळेच. पूजेतल्या जुन्या ढोकरा मूर्तीवरचा (मेणाच्या साच्यातून ओतलेल्या पितळी मूर्तीवरचा) तेलाचा, हळदकुंकवाचा थर हा तिचा इतिहास आहे. तो खरवडलात की हातात नुसतं पितळ उरतं.

दुसरी चूक वयाची. "दोनशे वर्षं जुनं आहे" एवढं कोणी म्हटलं की लोक पाकीट काढतात. अहो, तो प्रकार कधी जन्माला आला ते तरी आधी बघा! एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्या 1890च्या दशकात सुरू झाल्या. मेक्सिकोतले रंगीबेरंगी आलेब्रिहे प्राणी पेद्रो लिनारेस यांनी 1930च्या दशकात कागदाच्या लगद्यातून घडवले. लाकडी रूप त्याच्याही नंतरचं. बिहारमधल्या मिथिलेची, म्हणजे मधुबनी, चित्रं पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर होती. ती विक्रीसाठी कागदावर सर्रास येऊ लागली 1966-67च्या दुष्काळाच्या सुमाराला, चित्रकार भास्कर कुलकर्णी गावोगाव कागद घेऊन गेले तेव्हा. वारलीचंही तसंच, कागदावरचा तिचा बाजार 1970च्या दशकापासूनचा. म्हणून कागदावरची "शंभर वर्षांची वारली" कोणी पुढे केली की मी विषय बदलते.

कापडाला हीच कसोटी रंगाची. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किननं कृत्रिम जांभळा रंग 1856 मध्ये शोधला, तेव्हा त्याआधीचं म्हणून विकलेल्या कापडात रासायनिक रंग निघाला तर सौदा तिथेच संपला. अतिनील टॉर्चखाली कापड निळसर-पांढरं झगमगलं तर दुसऱ्या महायुद्धानंतरचा उजळक, म्हणजे कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून घालतात ते रसायन, त्यात आहे. पण जुनं कापड अलीकडच्या पावडरीनं धुतलं तरी तसंच झगमगतं, म्हणून मी अस्तराच्या आतला धागा पाहते. फोटो टाकून वय सांगणाऱ्या ॲपना हे काही दिसत नाही. ज्यांना दोन मिनिटांत उत्तर हवं असतं, त्यांनी हा छंद धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मुखवटा घेताना चेहरा नंतर, आधी पाठ पाहा. नाचात वापरलेल्या मुखवट्याची आतली बाजू कपाळ आणि नाक टेकतं तिथे गुळगुळीत, घामानं काळवंडलेली असते आणि दोरीची भोकं झिजलेली असतात. बुटाचं पॉलिश किंवा धूर देऊन जुनं केलेलं लाकूड सगळीकडून सारखंच काळं दिसतं.

आणखी काही. हस्तिदंत आणि कासवाचं कवच यांना हात लावण्याआधी साइट्स (CITES), म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याचे नियम वाचा. भारतातून शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला बाहेर नेता येत नाही, 1972चा कायदा आहे. कागदाचं लॅमिनेशन कधीही नको. कापड उन्हाच्या भिंतीवर नको. पहिल्याच महिन्यात पाच देशांच्या वस्तू घेऊ नका. एक प्रकार धरा, त्याचे वाईट नमुनेही भरपूर पाहा. विकणाऱ्यानं सांगितलेलं गाव, वापर, घराणं त्याच दिवशी वहीत उतरवा, आणि ते "विक्रेत्याच्या सांगण्यावरून" असं लिहा.

नवी वस्तू थेट संग्रहात ठेवू नका. लोकरीला कसर असेल तर बाकीचं कापड गेलंच म्हणून समजा. मी लोकर-रेशीम पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवते, आणि बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडत नाही, नाहीतर कापडावर पाणी धरतं. रंगवलेल्या लाकडावर हा प्रयोग करू नका, रंग तडकतो. लाकूड वेगळ्या खोलीत काळ्या कागदावर ठेवते. ताजा भुगा पडला तर लाकूड पोखरणारा भुंगा आत जिवंत आहे.