मसाल्याच्या कचऱ्याचा अर्क आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू: प्रयोगात या चुका टाळा

हळदीच्या चोथ्याचा अर्क आगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) खाचेत घातला, दुसऱ्या दिवशी एमआरएसएच्या (मेथिसिलिनसारख्या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस जिवाणूच्या) प्लेटवर जिवाणू न वाढलेलं २० मिमीचं स्वच्छ वर्तुळ दिसलं, की अहवालात 'प्रतिजैविकापेक्षा प्रभावी' असं वाक्य हमखास येतं. तिथेच हिशेब चुकतो. १०० मिग्रॅ/मिली अर्काचे ५० मायक्रोलिटर म्हणजे ५ मिलिग्रॅम माल. शेजारच्या सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाच्या चकतीत असतात ३० मायक्रोग्रॅम. दीडशेपटींहून जास्त माल ओतून पाडलेलं वर्तुळ त्या चकतीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. शिवाय वर्तुळाचा आकार अर्क आगरमध्ये किती पसरतो यावरही ठरतो. लवंगेच्या देठांतलं युजेनॉल हे उडून जाणारं द्रव्य त्यामानाने सहज पसरतं आणि त्याची वाफ शेजारच्या खाचेपर्यंत पोचू शकते. हळदीतलं पिवळं द्रव्य कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, ते खाचेच्या कडेलाच पिवळं बसून राहतं. वर्तुळ फक्त चाळणीपुरतं वापरा. आकडा हवा तर एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारं अर्काचं कमीत कमी प्रमाण, काढा.

कचरा कोणता, ते आधी लिहा

सांगली असो वा वसमत, हळद शिजवून, वाळवून ड्रममध्ये पॉलिश केली की खाली भुकटी पडते. ओलिओरेझिन (हळदीतला रंग-वासाचा दाट अर्क) काढल्यावर कारखान्यात चोथा उरतो. काढणीनंतर शेतात पाला राहतो. तिन्हींचं रसायन वेगळं. पॉलिशच्या भुकटीत सालीबरोबर माती असते आणि मातीत बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू. अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे जिवाणू न घातलेली खाचही गढूळ होते आणि दोष माध्यमावर जातो. अर्क ०.२२ मायक्रॉनमधून गाळा, पण डीएमएसओ या द्रावकातला अर्क सेल्युलोज नायट्रेटच्या पडद्यातून गाळू नका, पडदाच विरघळतो. पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा नायलॉनचा पडदा घ्या.

मिरचीच्या देठांत धोका उलटा आहे. पिकावर ताम्रयुक्त बुरशीनाशक किंवा स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिन फवारलेलं असेल, तर ते अर्कात उतरू शकतं आणि तुम्ही कदाचित फवारणीचाच परिणाम मोजत बसाल. फवारणीची नोंद असलेल्या शेतातला माल घ्या.

अर्क काढताना

चोथ्यात स्टार्च भरपूर असतो. तो ८० अंशांच्या पाण्यात तापवला की अर्क नव्हे, खळ तयार होते आणि गाळणकागद बुजतो. त्यापेक्षा ४० अंशांवर वाळवून दळलेली १० ग्रॅम पूड ८० टक्के इथेनॉलच्या १०० मिलीत २४ तास शेकरवर ठेवा, गाळा, उरलेल्या चोथ्यावर पुन्हा तेच करा. द्रावक ४० अंशांवर कमी दाबाखाली उडवा. सुकलेल्या अर्काचं वजन करून १०० मिग्रॅ/मिली साठा डीएमएसओत बनवा. इथेनॉल पूर्ण उडालं नाही, तर पुढचे सगळे आकडे खोटे.

एमआयसीत कुठे घसरतं

साठा म्युलर-हिंटन ब्रॉथ या जिवाणू वाढवायच्या द्रव माध्यमात ५० पट पातळ केला की २ मिग्रॅ/मिली होतो. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये दुपटीने पातळ करत न्या, १०० मायक्रोलिटर अर्कात १०० मायक्रोलिटर जिवाणू घाला. सगळ्यांत दाट अर्काची खाच १ मिग्रॅ/मिली आणि डीएमएसओ १ टक्का. ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाचं जिवाणूंचं द्रावण (मिलीला सुमारे १.५×१०⁸ जिवाणू) १५० पट पातळ करून घातलं, की खाचेत मिलीला ५×१०⁵ राहतात. पातळ करणं विसरलं तर जिवाणू दीडशे पटींनी जास्त पडतात आणि चांगला अर्कही निकामी दिसतो. द्रावण तयार केल्यापासून अर्ध्या तासात वापरा. १ टक्का डीएमएसओ आणि नुसते जिवाणू अशी एक रांग हवीच. ती टाळण्याचं कोणतंही कारण चालत नाही.

अर्क ब्रॉथमध्ये पडताच दुधाळ होतो, म्हणून गढूळपणा डोळ्यांनी किंवा ६०० नॅनोमीटरवर वाचणं फसवं. १८-२० तासांनी ०.०१५ टक्के रेसाझुरिन या निळ्या रंगद्रव्याचे ३० मायक्रोलिटर घाला: निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर वाढ. मात्र कांद्याच्या सालीसारखे पॉलिफेनॉलवाले अर्क जिवाणूंशिवायही रंग गुलाबी करू शकतात. हळदीच्या पिवळ्यात निळा मिसळला की हिरवट छटा येते. 'अर्क + ब्रॉथ + रेसाझुरिन' अशी जिवाणूंविना रांग ठेवा आणि शंका आली की खाचेतले १० मायक्रोलिटर आगरवर पसरून पाहा.

हळदीवर काम करणारे एक गोष्ट फार विसरतात. फॉस्फेट बफरमध्ये ७.२ पीएच आणि ३७ अंशांवर अर्ध्या तासात कर्क्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग विघटित होतो. ब्रॉथचा पीएचही ७.२ ते ७.४. म्हणजे रात्रभर ठेवलेल्या खाचेत सकाळी बहुतेक त्याचे तुकडेच उरतात. तेव्हा 'कर्क्युमिनने मारले' असं न लिहिता 'अर्काने वाढ रोखली' असं लिहा. साठा छोट्या छोट्या तपकिरी कुप्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा आणि रोज तीच कुपी वितळवू नका.

जिवाणू खरंच प्रतिरोधक आहे का?

फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने प्रतिजैविकाविना जगवलेला जिवाणू आपला प्रतिरोध हरवून बसू शकतो. प्रत्येक फेरीला तपासा: एमआरएसएसाठी ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनची चकती, २१ मिमी किंवा कमी आलं तरच प्रतिरोधक. आगर ४ मिमी जाड हवं. पातळ प्लेटमध्ये वर्तुळ उगाच मोठं दिसतं. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह (बाहेर जादा आवरण असलेल्या) जिवाणूंवर अर्क निष्प्रभ ठरला तर प्रयोग चुकला असं लगेच समजू नका, त्यांचं बाहेरचं आवरण बरीच संयुगं आत येऊ देत नाही.

अर्काचा एमआयसी १ मिग्रॅ/मिलीच्या वर असेल तर तो औषधाचा उमेदवार नाही. तोंडावाटे काही ग्रॅम कर्क्युमिन घेतलं तरी रक्तात ते नॅनोग्रॅमच्याच घरात असतं. त्यामुळे हळदीच्या चोथ्याचा काढा करून कुणी जंतुसंसर्गावर घेऊ लागला, तर प्लेटवरचं वर्तुळ त्याच्या कामाचं नाही. डॉक्टरांनी दिलेला कोर्सच पूर्ण करायचा. एमआयसी चांगला आला, तर पुढचं पाऊल लाल रक्तपेशींवरची चाचणी. पेशी फुटत असतील तर अर्क फक्त जिवाणूंवर नाही, सगळ्यांवरच चालतोय.