मोजणी शेलकडे, मजकूर मॉडेलकडे: टर्मिनलवर ओलामा वापरताना

ओलामा हे मोफत साधन भाषेचं मॉडेल तुमच्याच संगणकावर चालवतं. मॉडेल एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट बंद असलं तरी काम चालतं आणि मजकूर मशीनबाहेर जात नाही. सोसायटीचं इतिवृत्त, ७/१२ वरच्या नोंदी, ग्राहकांची यादी असं काही परक्या सर्व्हरवर टाकायचं नसेल, तर एवढं एक कारण पुरेसं आहे. दुसरं कारण असं, की टर्मिनलवरचं (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतलं) मॉडेल ग्रेप, सॉर्ट, हेड या छोट्या आज्ञांच्या रांगेत बसतं. काम चांगलं होणार की वाया जाणार, हे बहुतेक वेळा त्या रांगेतल्या जागेवरच ठरतं.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत लिहा: साधनांची आणि मॉडेलांची नावं लहान अक्षरांत, आकडे इंग्रजी. मॉडेलसाठीच्या मराठी सूचना मात्र देवनागरीतच राहू द्या. ओलामाचं स्पेलिंग ओ, एल, एल, ए, एम, ए असं आहे. जेम्मामध्ये एम दोनदा येतो.

आधी मशीन बघा. ८ जीबी रॅम असेल तर ३ ते ४ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलच्या आतल्या आकड्यांचं) मॉडेल घ्या. ७ अब्जाचं त्यावर चालतं, पण सोबत ब्राउझर उघडा असेल तर अडतं. १३ अब्जाच्या आसपासच्या मॉडेलला १६ जीबी धरा. ग्राफिक्स कार्ड नसेल तर वेग प्रोसेसरपेक्षा रॅमवर ठरतो, कारण प्रत्येक टोकनसाठी, म्हणजे शब्दासाठी किंवा त्याच्या तुकड्यासाठी, मॉडेलचा जवळजवळ सगळा डेटा रॅममधून वाचावा लागतो. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते. मॉडेल ३ जीबीचं असेल तर सेकंदाला आठेक टोकनच्या वर जाता येत नाही, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतात. तीच रॅम दोन पट्ट्यांत विभागून बसवली तर मर्यादा दुप्पट होते. जुन्या लॅपटॉपवर पैसे घालायचेच असतील तर आधी दुसरी पट्टी घ्या.

विंडोजला इन्स्टॉलर आहे, मॅकला अॅप किंवा होमब्रू. लिनक्सवर अधिकृत साइटवरची एका ओळीची स्क्रिप्ट चालते. ती थेट शेलमध्ये (टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ओतण्यापेक्षा फाइलमध्ये उतरवा, एकदा वाचा आणि मग चालवा. त्यानंतर:

ओलामा पुल जेम्मा३:४बी

हे मॉडेल साधारण ३.३ जीबीचं आहे. रोज दीड जीबी मिळणाऱ्या मोबाइल प्लॅनवर ते एका दिवसात उतरणार नाही, पण मधे तुटलं तर तीच आज्ञा पुन्हा द्या, उरलेल्या भागापासून सुरू होतं. मराठीसाठी इथे जेम्मा ३ निवडलंय, कारण ते १४० हून अधिक भाषांच्या मजकुरावर तयार झालंय. लामा ३.२ हलकं आहे, पण त्याच्या अधिकृत भाषांच्या यादीत हिंदी आहे, मराठी नाही.

"ओलामा रन जेम्मा३:४बी" लिहिलं की गप्पा सुरू होतात, "/बाय" लिहिलं की संपतात. पहिलं उत्तर उशिरा येतं कारण मॉडेल रॅममध्ये चढत असतं. एरवी ते शेवटच्या प्रश्नानंतर ५ मिनिटं तिथेच राहतं. लगेच जागा मोकळी हवी असेल तर "ओलामा स्टॉप" आणि मॉडेलचं नाव. गप्पांचा भाग एवढाच. खरा उपयोग पाइपमध्ये आहे.

युनिक्समध्ये पाइप १९७३ मध्ये आला: एका आज्ञेचं उत्तर उभ्या रेघेतून पुढच्या आज्ञेला द्यायचं. ओलामाही असं इनपुट घेतो. मात्र लक्षात ठेवा, पाइपमधून आलेला मजकूर आधी लागतो आणि अवतरणातली सूचना त्याच्यामागे. म्हणून सूचनेत "वरच्या मजकुरात" असं लिहा, "खालील" नको.

एनजिनएक्स या वेबसर्व्हरची एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंद ठेवणारी फाइल, घ्या. सहसा केली जाणारी चूक म्हणजे ४० हजार ओळींची फाइल कॅट आज्ञेने पूर्ण ओतून मॉडेलला देणं आणि "कोणती चूक किती वेळा आली?" असं विचारणं. उत्तर ठाम स्वरात येतं आणि आकडे चुकीचे असतात. मॉडेल मोजत नाही, पुढचा शब्द काय असावा याचा अंदाज बांधतं. मोजायला शेल आहे:

ग्रेप -एफ '[एरर]' एरर.लॉग | कट -डी' ' -एफ६-१२ | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन | हेड -२०

ग्रेपपुढचा एफ मोठा, कटचा लहान. युनिकचं स्पेलिंग यू, एन, आय, क्यू एवढंच. कट इथे तारीख, वेळ, प्रोसेस क्रमांक आणि कनेक्शनचा क्रमांक वगळतो. हे वगळलं नाही तर प्रत्येक ओळ वेगळी ठरते आणि युनिकला एकत्र करायला काही उरत नाही. हाती येतात २० ओळी, प्रत्येकीपुढे खरा आकडा. आता याच्यापुढे पाइप लावून म्हणा:

| ओलामा रन जेम्मा३:४बी 'वरच्या प्रत्येक चुकीचं संभाव्य कारण आणि तपासायची एक गोष्ट सांग. आकडे बदलू नकोस.'

"कनेक्शन रिफ्यूज्ड", क्रमांक १११, ही ओळ वर असेल तर मागचं अॅप्लिकेशन बंद पडलंय किंवा चुकीच्या पोर्टवर ऐकतंय, हे छोटं मॉडेलही नीट सांगतं. ४० हजार ओळींत तीच गोष्ट त्याच्या हातून निसटते. सूचनेला एकेरी अवतरण द्या. दुहेरी अवतरणात डॉलरचं चिन्ह आणि बॅकटिक (उलटं एकेरी अवतरण) शेल स्वतःच वाचतं, बॅशमध्ये उद्गारचिन्हही घात करतं.

मराठी मजकुराला अडचण वेगळी आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. "क्ष" म्हणजे क, हलन्त आणि ष, एकूण ९. म्हणून फाइल किती मोठी हे "डब्ल्यूसी -सी" ने पाहू नका, तो बाइट मोजतो. चिन्हांसाठी "डब्ल्यूसी -एम" वापरा. टोकनही इंग्रजीपेक्षा जास्त लागतात, किती ते मॉडेलवर अवलंबून. अंदाज कशाला, मोजाच: "रन" नंतर "--व्हर्बोज" लावलं की उत्तराखाली "प्रॉम्प्ट इव्हॅल काउंट" दिसतो. तीच सूचनेसकट मजकुराची टोकनसंख्या.

हा आकडा बघणं टाळू नका. ओलामाच्या अनेक आवृत्त्यांत संदर्भाची, म्हणजे मॉडेल एका वेळी पाहू शकतं त्या मजकुराची, मूळ मर्यादा ४०९६ टोकनची आहे, जुन्यांत २०४८ ची. त्याहून जास्त मजकूर दिला तर काही भाग गुपचूप गळतो. पडद्यावर ना इशारा, ना एरर. बारा ठरावांच्या इतिवृत्तातले सातच सारांशात आले, तर मॉडेलला नावं ठेवण्याआधी हा आकडा पाहा. तो मर्यादेला टेकलेला असेल तर बाकीचे ठराव त्याने पाहिलेच नाहीत.

मर्यादा "रन" च्या ओळीत वाढवता येत नाही. गप्पांमध्ये असाल तर "/सेट पॅरामीटर नम_सीटीएक्स ८१९२". कायमची सोय हवी तर मॉडेलफाइल नावाची फाइल बनवा:

फ्रॉम जेम्मा३:४बी
पॅरामीटर नम_सीटीएक्स ८१९२
पॅरामीटर टेंपरेचर ०.२
सिस्टम """तुला सभेचं इतिवृत्त दिलं जाईल. प्रत्येक ठराव एका ओळीत लिही: क्रमांक, विषय, रक्कम, जबाबदार पद. मजकुरात नसेल तिथे 'नोंद नाही' लिही. आकडे जसेच्या तसे ठेव."""

मग "ओलामा क्रिएट ठराव -एफ मॉडेलफाइल". संदर्भ दुप्पट केला की रॅमही जास्त लागते, म्हणून उगाच ३२ हजारांवर नेऊ नका. टेंपरेचर, म्हणजे उत्तरातली मोकळीक, कमी ठेवल्याने उत्तर दरवेळी भरकटत नाही. आणि "नोंद नाही" ची वाट दिली नाही, तर छोटं मॉडेल रिकामी जागा स्वतःच्या कल्पनेने भरतं.

"आकडे जसेच्या तसे" असं सांगूनही ₹ १,२५,००० चे १२,५०० होऊ शकतात. हे डोळ्यांनी शोधत बसू नका. मूळ फाइल आणि उत्तर, दोन्हींवर हे चालवा आणि निकाल वेगळ्या फाइलींत घ्या:

ग्रेप -ओई '[०१२३४५६७८९0123456789,]+' मूळ.टीएक्सटी | एलसी_ऑल=सी सॉर्ट -यू > मूळआकडे

ई आणि एलसी_ऑल=सी मोठ्या अक्षरांत, पुढच्या कॉममध्ये एम दोनदा. कंसातले दोन्ही लिपींतले आकडे आहेत तसेच ठेवा. मग "एलसी_ऑल=सी कॉम -१३ मूळआकडे उत्तरआकडे". जे आकडे फक्त उत्तरात आहेत आणि मूळ मजकुरात नाहीत, ते यातून समोर येतात. यादी रिकामी आली तर निदान नवा आकडा कुणी घुसवलेला नाही. आकडा खरा पण चुकीच्या ठरावापुढे लागला असेल, तर तो मात्र वाचूनच सापडतो.

टर्मिनलमध्ये मात्रा सुटलेल्या दिसल्या, जोडाक्षरं तुटली तर घाबरू नका, मजकूर शाबूत असतो, दाखवणं गडबडतं. उत्तर ">" ने फाइलमध्ये वळवा आणि एडिटरमध्ये उघडा. व्हर्बोजची आकडेवारी त्या फाइलीत मिसळत नाही, ती वेगळ्या वाटेने पडद्यावर येते. विंडोजवर मात्र खरंच नुकसान होतं: पॉवरशेल ५.१ पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रामला मजकूर देताना मुळात अॅस्की ही फक्त इंग्रजी अक्षरांची पद्धत वापरतं, त्यामुळे मराठीची सरळ प्रश्नचिन्हं होतात आणि मॉडेल त्या प्रश्नचिन्हांचाच सारांश देतं. पॉवरशेल ७ घ्या किंवा डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) काम करा.

खासगीपणासाठी हे सगळं करत असाल तर चार ठिकाणी लक्ष ठेवा. ज्या मॉडेलच्या नावाच्या शेवटी "-क्लाउड" आहे ते तुमच्या मशीनवर चालत नाही, मजकूर बाहेर जातो. गप्पांमध्ये टाइप केलेलं "~/.ओलामा/हिस्टरी" मध्ये साठतं, "/सेट नोहिस्टरी" ने ते थांबतं. अवतरणात लिहिलेली सूचना शेलच्या इतिहासात राहते, म्हणून नावं आणि आधार क्रमांक सूचनेत नकोत, फाइलीत असू द्या. आणि ओलामा_होस्ट ला (मोठ्या अक्षरांत) ०.०.०.० दिलं की ११४३४ पोर्ट नेटवर्कवर सगळ्यांना उघडं होतं, त्याला पासवर्ड नसतो. सायबर कॅफे, वसतिगृह, सामायिक ऑफिस अशा ठिकाणी हे कधीच करू नका.

लिनक्सवर एक गोष्ट अनेकांचा वेळ खाते. ओलामा_मॉडेल्स किंवा ओलामा_कॉन्टेक्स्ट_लेंग्थ (हीही मोठ्या अक्षरांत) आपल्या शेलमध्ये एक्स्पोर्ट केलं तरी काही फरक पडत नाही, कारण मॉडेल चालवते ती सिस्टमडीची (लिनक्समध्ये मागे चालणाऱ्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) सेवा आणि तिला तुमचं शेल दिसत नाही. "सुडो सिस्टमसीटीएल एडिट ओलामा.सर्व्हिस" मधल्या सर्व्हिस विभागात एन्व्हायर्नमेंटची ओळ घाला आणि सेवा पुन्हा सुरू करा. तरी बिनसलं तर "जर्नलसीटीएल -यू ओलामा" वाचा. रॅम कमी पडली असेल तर किती हवी आणि किती आहे, हे एररच्या संदेशातच लिहिलेलं असतं.

मॉडेलने सुचवलेली आज्ञा पाइप करून शेलला कधीही देऊ नका. नसलेले पर्याय ते आत्मविश्वासाने लिहितं. प्रत्येक पर्याय मॅन पानात, म्हणजे आज्ञेच्या माहितीपानात, शोधा. आज्ञेत आरएम (फाइली पुसणारी आज्ञा) असेल तर आधी त्याच्या जागी एलएस (फाइलींची यादी दाखवणारी) लिहून चालवा आणि यादीत कोणत्या फाइली येतात ते वाचा.