ब्युटाइल सेलोसॉल्व्ह हाताळताना : सॉल्व्हंट विभागात नव्याने आलेल्यांसाठी

आयटीआयचा एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट) ट्रेड, डिप्लोमा किंवा बीएस्सी केमिस्ट्री करून रंग, शाई वा क्लीनिंग केमिकलच्या युनिटमध्ये लागलं की पहिले काही दिवस टोल्युइन आणि एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या पटकन पेटणाऱ्या सॉल्व्हंटची धास्ती भरवली जाते. ते बरोबरच आहे. पण त्याच शेडमध्ये ब्युटाइल सेलोसॉल्व्हचे (ग्लायकॉल इथर कुळातलं सॉल्व्हंट, रासायनिक नाव २-ब्युटॉक्सीइथेनॉल) ड्रम असतात. त्याचा वास सौम्य, गोडसर, आणि ते पेटही पटकन घेत नाही. त्यामुळे जुनी माणसंसुद्धा त्यात उघडे हात घालतात. हे सॉल्व्हंट नेमकं इथेच दगा देतं.

सगळ्यात आधी ड्रमवरचं नाव नीट वाचा. नुसतं ‘सेलोसॉल्व्ह’ म्हणून भागत नाही. मिथाइल, इथाइल आणि ब्युटाइल हे एकाच कुळातले असले तरी त्यांच्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिथाइल आणि इथाइल सेलोसॉल्व्ह शरीरात गेले की त्यांची आम्लं बनतात. ती आम्लं पुरुषांच्या शुक्राणूंवर, गर्भावर आणि अस्थिमज्जेवर परिणाम करतात. अमेरिकेतल्या चिप कारखान्यांमध्ये महिला कामगारांत गर्भपाताचं प्रमाण जास्त असल्याचं अभ्यासांतून दिसलं आणि त्या उद्योगाने ही सॉल्व्हंट हळूहळू बाजूला केली. म्हणून बिलटी किंवा लेबलवर सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पाहायची सवय लावा : ब्युटाइल १११-७६-२, मिथाइल १०९-८६-४, इथाइल ११०-८०-५. ‘ब्युटाइल संपलंय, आजच्या बॅचला इथाइल वापर’ असं कोणी म्हणालं, तर फॉर्म्युला बदलायच्या आधी सेफ्टी ऑफिसरला विचारणं हा तुमचा आगाऊपणा ठरत नाही.

आता ब्युटाइलचे आकडे. उत्कलनबिंदू १७१ अंश सेल्सिअस, घनता ०.९०, म्हणजे २०० लिटरच्या ड्रममध्ये साधारण १८० किलो माल. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते ते, ६० अंशांच्या थोडा वर. खोलीच्या तापमानाला याची वाफ हवेत जास्तीत जास्त हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) आसपास जाते. पेट घ्यायला किमान १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम लागते; या खालच्या मर्यादेलाच एलईएल म्हणतात. नुसत्या उघड्या ड्रमजवळ आग लागत नाही ती यामुळे. पण आरोग्यासाठी अमेरिकेतल्या एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने सुचवलेली आठ तासांची सरासरी मर्यादा आहे २० पीपीएम, आणि ७०० पीपीएम ही जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी. थोडक्यात, आग लागण्याच्या कितीतरी आधी माणूस आजारी पडतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की कमरेला लावलेला एलईएल मीटर इथे आंधळा आहे. २० पीपीएम म्हणजे एलईएलच्या ०.२ टक्क्यांहूनही कमी, म्हणजे मीटर शून्यच दाखवणार. ‘मीटर शून्य आहे, आत जा’ हे वाक्य या सॉल्व्हंटच्या टाकीपाशी ऐकलं तर तिथेच थांबा. इथे १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा असलेला पीआयडी (अतिनील प्रकाशाने वाफ मोजणारा मीटर) लागतो. खरी सरासरी हवी असेल तर चारकोल ट्यूब (वाफ शोषणारी कोळशाची नळी) कॉलरला लावून शिफ्टभर नमुना घ्यावा लागतो. नाकावरही विसंबू नका. वास अगदी कमी प्रमाणात येतो खरा, पण थोड्याच वेळात नाक त्याला सरावतं.

सांडलेल्या मालाचा एक हिशोब स्वतः करून पाहा. एक मिलिलिटर पूर्ण उडालं तर जवळजवळ ९ घनमीटर हवा २० पीपीएमला पोचते. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीला तीन मिलिलिटर पुरे. शिवाय हे उडतं सावकाश, ब्युटाइल अ‍ॅसिटेटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेगाने. त्यामुळे कोपऱ्यात टाकलेलं कॉटन वेस्ट (पुसायच्या सुताचा बोळा) शिफ्टभर वाफ सोडत राहतं. त्याला झाकणाचा लोखंडी डबाच हवा, उघडी पाटी नको. तापमान २० वरून ४० अंशांवर गेलं की बाष्पदाब सुमारे चौपट होतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हा हिशोब किती बिघडतो ते यावरून कळेल.

पण मुख्य वाट त्वचेची. ब्युटाइल सेलोसॉल्व्ह जखम नसलेल्या, धडधाकट कातडीतूनही रक्तात जातं, आणि जळजळ होत नसल्यामुळे कळतही नाही. हवेची मोजणी चोख आली तरी हात ओले असतील तर तिचा उपयोग नाही. म्हणून ग्लोव्हजचा विषय गंभीरपणे घ्या. दवाखान्यातले पातळ लॅटेक्सचे ग्लोव्हज इथे निरुपयोगी, आणि पातळ निळे नायट्राइलही फक्त एखाद्या थेंबापुरते. शुद्ध ब्युटाइल सेलोसॉल्व्हला ब्युटाइल रबर उत्तम. जाड नायट्राइल चालतं, पण किती वेळ ते उत्पादकाच्या तक्त्यात पाहा. खरी पंचाईत थिनरची होते. ब्युटाइल रबर टोल्युइन-झायलीनला टिकत नाही आणि नायट्राइल अ‍ॅसिटोन-एमईकेला. थिनरमध्ये दोन्ही असतील तर आत लॅमिनेटेड फिल्मचे ग्लोव्हज आणि वर पकडीसाठी नायट्राइल, हाच मार्ग. ग्लोव्हज आतून ओले झाले तर लगेच काढा. ओला ग्लोव्ह घालून ठेवणं उघड्या हातापेक्षा वाईट, कारण माल कातडीला चिकटून राहतो आणि उडत नाही. कपड्यावर सांडलं तर कपडा काढून त्वचा साबण-पाण्याने धुवा. हातावरचा रंग काढायला याच सॉल्व्हंटचा बोळा फिरवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती तुमच्यापुरती तरी बंद करा.

आगीचा धोका नाही असं मात्र समजू नका, तो उष्णतेबरोबर येतो. रेझिन १२० अंशांवर असताना त्यात ब्युटाइल सेलोसॉल्व्ह सोडलं तर ते फ्लॅश पॉइंटच्या कितीतरी वर जातं आणि मॅनहोलमधून वाफेचा लोट येतो. आधी बॅच एसओपीत दिलेल्या तापमानापर्यंत थंड करा, मॅनहोल बंद ठेवा, कंडेन्सरचं पाणी चालू असल्याची खात्री करा, मग डिप पाइपमधून (द्रवात बुडालेल्या नळीतून) सावकाश सोडा. स्प्रेचं धुकं तर फ्लॅश पॉइंटच्या खालीही पेटतं. ड्रम रिकामा करताना अर्थिंगची क्लिप रंगावर लावू नका, खरवडलेल्या उघड्या धातूवर लावा. आग लागलीच तर साधा फोम कामाचा नाही. हे पाण्यात मिसळतं आणि फोम मोडतं, म्हणून अल्कोहोल-रेझिस्टंट फोम, नाहीतर छोट्या आगीला डीसीपी (कोरडी रासायनिक पावडर) किंवा सीओ-टू.

पाण्याच्या बाबतीत एक गंमत : थंडीत हे पाण्यात कोणत्याही प्रमाणात विरघळतं, पण सुमारे ४९ अंशांच्या वर काही प्रमाणांत दोन थर होतात. गरम लाइनमधला नमुना दुधाळ दिसला तर बॅच बिघडली म्हणून घाबरू नका, आधी थंड करून पाहा.

जुना, अर्धा रिकामा ड्रम हा वेगळा धोका. ग्लायकॉल इथर हवेच्या संपर्कात पेरॉक्साइड बनवतात. उघडल्याची तारीख मार्करने ड्रमवर लिहा. रिकव्हरीसाठी डिस्टिलेशनला घ्यायच्या आधी पेरॉक्साइडची पट्टी बुडवून पाहा. रंग आला तर घेऊ नका, आणि डिस्टिलेशन कधीही भांडं कोरडं होईपर्यंत चालवू नका.

सांडलेलं वाळूने किंवा व्हर्मिक्युलाइटने टिपा. पाणी मारून गटारात ढकलण्याचा मोह आवरा. एक लिटर मालाचा सीओडी (तो पाण्यात पूर्ण विघटित व्हायला लागणारा ऑक्सिजन) दोन किलोच्या वर भरतो. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची २५० मिलिग्रॅम प्रति लिटरची मर्यादा धरली तर आठ हजार लिटर पाण्याचा कोटा त्यात जातो. ईटीपीवाला (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा माणूस) दुसऱ्या दिवशी शोध घेत येतोच. वापरलेलं सॉल्व्हंट आणि टिपलेली वाळू घातक कचरा म्हणूनच त्यासाठीच्या प्रक्रिया केंद्राकडे जाते : तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी.

डोळ्यात उडालं तर १५ मिनिटं पाण्याने धुवा. पोटात गेलं तर उलटी करवू नका. एसडीएसची (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाची) प्रत घेऊन सरळ रुग्णालय गाठा, आणि डॉक्टरांना ‘ग्लायकॉल इथर’ हे शब्द सांगा, कारण रक्तातल्या आम्लतेवर लक्ष ठेवावं लागतं. जास्त मात्रेत तांबड्या पेशी फुटू शकतात, त्यामुळे लघवी लाल-तपकिरी दिसली तर ती बाब लपवू नका. नियमित तपासणीत लघवीतलं ब्युटॉक्सीअ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे शरीरात या सॉल्व्हंटचं बनणारं आम्ल, मोजतात. एसीजीआयएचचा संदर्भ आकडा आहे क्रिएटिनिनच्या (लघवीतल्या एका नेहमीच्या घटकाच्या) प्रत्येक ग्रॅममागे २०० मिलिग्रॅम. नमुना शिफ्ट संपताना द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दिला तर बरंचसं आम्ल आधीच निघून गेलेलं असतं आणि रिपोर्ट उगाच स्वच्छ येतो.