टपाली मतदान : मत बरोबर, पाकीट चुकलं! या चुका टाळा

निवडणुकीची ड्युटी लागली की आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ड्युटी रद्द कशी करायची? तो विषय सुटत नाही हे कळल्यावर दुसरा येतो, मग आपल्या मताचं काय? टपाली मतदानाबद्दल, म्हणजे केंद्रावर न जाता पाकिटातून मत पाठवण्याबद्दल, बोलायला सगळे तयार असतात, कागद वाचायला मात्र कोणी नसतं.

आधी एक गैरसमज काढू. पुण्याला हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, नाशिकच्या सिडकोतल्या मुलाला टपालाने मत देता येत नाही. त्याला नाशिकला यावंच लागतं. महापालिकेच्या निवडणुकीला ही सोय मुख्यतः निवडणूक कामावरच्या लोकांसाठी असते. २०२४ च्या विधानसभेला ८५ वर्षांपुढच्या आजी-आजोबांकडे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांकडे, घरून मत देण्याचा ‘१२-डी’ अर्ज भरला असेल तर, मत घ्यायला पथक घरी आलं होतं. त्या आठवणीवर आमच्या गल्लीतल्या एक आजी महापालिकेलाही पथकाची वाट बघत बसल्या होत्या. शेवटी नातवाने रिक्षाने केंद्रावर नेलं. विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिका राज्य निवडणूक आयोग. नियम वेगळे, यादीही वेगळी.

या वेगळ्या यादीतच बरेच जण ठेचाळतात. प्रभागाची यादी विधानसभेच्या यादीतूनच फोडतात. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. पण फोडताना अनुक्रमांक बदलतो. लोक खिशातून विधानसभेची जुनी चिठ्ठी काढतात आणि तोच नंबर टपाली मतपत्रिकेच्या अर्जात उतरवतात. आधी प्रभागाच्या यादीत नाव शोधा, मग अर्ज भरा, आणि ड्युटीच्या आदेशाची झेरॉक्स जोडा. अर्ज जातो तो तुमचं मत ज्या प्रभागात आहे तिथल्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे. मत पंचवटीत आणि ड्युटी नाशिकरोडला असेल तर कागद पंचवटीकडे गेला पाहिजे. हे सांगूनही दर वेळी दोन-चार जण चुकीच्या टेबलावर अर्ज देऊन निवांत घरी जातात.

आता खरी गंमत पाकिटांची. हातात मतपत्रिका, घोषणापत्र (ही मतपत्रिका मलाच मिळाली, असं सही करून सांगणारा कागद), एक छोटं पाकीट आणि एक मोठं पाकीट येतं. छोट्या पाकिटात फक्त मतपत्रिका. ते चिकटवायचं आणि त्यावर मतपत्रिकेचा क्रमांक टाकायचा. घोषणापत्र छोट्यात घालायचं नाही, ते बाहेरच राहतं. मोठ्या पाकिटात छोटं पाकीट आणि त्याच्या शेजारी घोषणापत्र.

एवढा आटापिटा कशाला? मोजणीच्या टेबलावर आधी मोठं पाकीट फोडतात आणि घोषणापत्र बघतात. ते नसेल, त्यावर तुमची सही किंवा साक्षांकन (ती सही तुमचीच, अशी अधिकाऱ्याची सही) नसेल, किंवा त्यावरचा क्रमांक छोट्या पाकिटाशी जुळत नसेल, तर छोटं पाकीट उघडतच नाहीत. तुमचं मत न वाचता बाद. सगळं नीट असेल तर घोषणापत्र बाजूला काढूनच छोटी पाकिटं फोडतात, म्हणजे कोणी कोणाला मत दिलं ते कळत नाही. ज्याने घोषणापत्र छोट्या पाकिटात कोंबलं, त्याने स्वतःच्याच हाताने कुलूप लावून किल्ली आत टाकली.

साक्षांकन शेजारी बसलेल्या जोशी सरांकडून होत नाही, राजपत्रित अधिकारी लागतो. प्रशिक्षणाच्या ठिकाणी असा अधिकारी बसवलेला असतो, तिथेच उरकून घ्या.

आम्हा मास्तरांना कागद दिसला की सही करायची खोड. मतपत्रिकेवर सही, नाव किंवा शाळेचा शिक्का काहीही उमटलं आणि त्यावरून मतदार ओळखू आला, की मत गेलं. उमेदवारासमोर स्पष्ट खूण करा, बस्स. नाशिकमध्ये ३१ प्रभागांत १२२ जागा आहेत, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. म्हणून अ, ब, क, ड या प्रत्येक जागेचं मत वेगळं द्यायचं असतं. एका जागेवर दोघांपुढे खूण केली तर तेवढं मत बाद होतं.

वेळेचं गणितही बघा. २०२६ ला १४ जानेवारीला संक्रांत होती, त्याच दिवशी साहित्यवाटप झालं. १५ ला मतदान, १६ ला सकाळी मोजणी. मोजणी सुरू व्हायच्या आत पाकीट पोचलं नाही तर ते कोणी बघत नाही. अशा वेळी पोस्टाच्या पेटीत टाकून तिळगूळ खात बसणं महागात पडतं, स्वतः नेऊन द्यावं. तिकिटाचा प्रश्न मात्र दर वेळी निघतो. देशाची टपाल तिकिटं छापणाऱ्या नाशिकरोडातच लोक विचारतात की याला तिकीट किती रुपयांचं लावायचं. लावावं लागत नाही.

आणि एकदा टपाली मतपत्रिका घेतली की यादीत तुमच्या नावापुढे तशी नोंद होते. मग ‘मी ती वापरलीच नाही’ म्हणून केंद्रावर हुज्जत घालून उपयोग नाही. खूण करताना चुकली, फाटली किंवा चहा सांडला, तर खाडाखोड करू नका. पाकीट बंद करण्याआधी सगळा संच अधिकाऱ्याकडे परत न्या आणि नवी मतपत्रिका मागा.